अठरा नंबरची बाटली

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या वडिलांना मी एकदाच नीट समजावून सांगितलं, आणि पुढे त्याचा मला चांगलाच पश्चात्ताप झाला.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. मुंबईत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी काम करत होते आणि मुंबईच्या उत्तरेला असलेल्या निर्मळ गावाहून रोज ये-जा करत होते. निर्मळला आमची केळीची वाडी. कडेने माड, मधल्या जागेत वांगी-मिरची, विहिरीजवळ आईची अबोली. एका रविवारी आबा, म्हणजे माझे वडील, माडाखाली बसून केळीच्या खोडावरच्या वाळक्या सोपटाचे, बांधायला लागणारे बंद काढत होते. मी समोर बसून मोठ्या उत्साहाने सांगायला लागले. आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र आहे. माणसाच्या रक्तात, लघवीत हजारो रेणू असतात. ते यंत्र त्यांना विजेचा भार देतं, हवा काढून घेतलेल्या नळीतून पळवतं आणि कोण किती वजनाचा ते सांगतं. वजनावरून रेणू कुठला ते आम्ही ओळखतो. मग कर्करोगाची गाठ असलेल्या माणसात कुठले रेणू जास्त आणि धडधाकट माणसात कुठले, ते शोधत बसतो.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काटा," ते म्हणाले.

"काटा नाही हो, आबा."

"वजन करतो ना? मग काटाच. एवढी एम.एस्सी. होऊन शेवटी काटाच धरलास, बाय."

आमची घरची बोली वेगळी. ती कागदावर आणायला गेलं की रुसते, म्हणून आबांचं बोलणं मी इथे बरंचसं सरळ करून लिहिते आहे. त्यातली मजा निम्मी जाते, पण इलाज नाही. तर त्या दिवसापासून कुणी विचारलं की आबा सांगायचे, "पोरगी मुंबईला काट्यावर असते." गावातल्या निम्म्या लोकांना मी बाजार समितीत कारकून आहे असं वाटत होतं.

काट्याशी आबांचं जुनं वैर होतं. दलालाच्या वखारीत केळी वजनाला लागली की ते आधी माल ठेवूच देत नसत. "माल ठेवायच्या आधी रिकामं पारडं बघावं," असं मला त्यांनी तिथल्या तिथे शिकवूनही टाकलं. "आणि ध्यानात ठेव, काटा खोटं बोलत नाही. त्याच्यावर ठेवणारा बोलतो." मी हसले. आम्हीही रोज सकाळी यंत्रातून आधी नुसतं शुद्ध पाणी सोडायचो आणि पडद्यावर काही दिसत नाही ना, ते बघायचो, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना आणखी चढवून ठेवायची माझी तयारी नव्हती.

आमचं दोघांचं भांडण हे रोजचं होतं. राग माझ्या नाकावर, आणि आबांच्या कमरेला तंबाखूची चंची. दिवसभर मी जबड्याच्या, आतड्याच्या गाठींचे नमुने हाताळून यायची आणि घरात पाऊल टाकते तो आबा तळहातावर चुना मळताना दिसायचे. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. चंची मी दोनदा विहिरीत टाकली होती. आबा म्हणायचे, "काट्यावरच्या बाईने काट्याचं बोलावं." आई मधे पडायची नाही. ती म्हणायची, तुम्ही दोघं गप्प बसलात तर मला घर खायला उठेल.

प्रयोगशाळेत आमचे दोन गट होते. एक गट प्रथिनांवर काम करायचा. गाठीतली प्रथिनं घ्यायची, त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि ते यंत्रात सोडायचे. त्या टेबलाजवळ मला मज्जाव होता, कारण मी आईच्या अबोलीचा गजरा माळून जायची. गजऱ्याबरोबर केस गळतात, आणि केसाचा एवढासा तुकडा नमुन्यात पडला की पडद्यावर गाठीचं प्रथिन दिसायच्या ऐवजी माझ्याच केसाचं प्रथिन दिसतं. मला लहान रेणूंचं काम दिलं होतं. अन्न पचल्यावर आणि पेशींचं कामकाज झाल्यावर जे बारीकसारीक रेणू मागे उरतात, त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. ते लघवीत सापडतात. गजरा घालून लघवी तपासायला कुणाची हरकत नव्हती.

आमच्या मुख्य बाई, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, एकदा म्हणाल्या, "रुग्णांचे नमुने भरपूर झाले. त्यांच्या वयाची निरोगी माणसं कुठून आणायची? इथे सगळी पोरंसोरं." मी लगेच हात वर केला. आमच्या गावात साठीची निरोगी माणसं पायलीला पन्नास होती.

निर्मळ आणि शेजारच्या गिरीजमधल्या ओळखीच्या घरांतून मी सतरा बाटल्या गोळा केल्या. ते काम आठवलं की अजून हसू येतं. एका काकूंनी बाटली पदराखाली झाकून, वर तुळशीची पानं ठेवून आणून दिली. सह्या घेतल्या. प्रत्येकाच्या नावाऐवजी बाटलीवर नंबर चिकटवला, आणि प्रत्येकाचा एक कागद भरला: आदल्या दिवशी काय काय खाल्लं, चहा किती, औषधं कुठली. मी खोदून खोदून विचारायची. पापलेट की बोंबील, तेही सोडलं नाही. लोक वैतागले.

अठरावी बाटली आबांची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आदल्या दिवशी एकादशी होती. एरवी माशांशिवाय न जेवणारे आबा महिन्यातल्या दोन्ही एकादशा कडक पाळत. द्वादशीला सकाळी, उपास सोडायच्या आधी, त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मला पहिली गाडी गाठायची होती. घरच्या माणसाला काय विचारायचं? त्यांच्या कागदावर मी झरझर लिहिलं: काल उपास. काही खाल्लं नाही.

चार-पाच दिवसांनी, एका दुपारी, अठरा नंबर यंत्रात गेला.

पडद्यावर एक शिखर उभं राहिलं. वजन एकशे ब्याण्णव. यंत्रात तो रेणू फोडला की त्याचा एकशे सेहेचाळीसचा तुकडा पडतो, तोही होता. मला ते दोन आकडे पाठ होते. शरीरात सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. ते वापरून झालं की त्याचा जो चोथा उरतो, तो हा. निरोगी माणसाच्या लघवीत तो थोडाच असतो. पण आतड्यात हळूहळू वाढणारी एक प्रकारची गाठ असते. ती सेरोटोनिन भरमसाट तयार करते, आणि मग हा चोथा लघवीत असा उंच दिसतो. आमच्याकडच्या रुग्णांच्या बाटल्यांत तो असाच दिसायचा. बाकीच्या सतरा गावकऱ्यांची शिखरं टेकाडाएवढी होती. अठरा नंबर रुग्णांच्या रांगेत जाऊन बसला होता.

मी रिकामं पारडं बघितलं. नुसतं पाणी सोडलं: पडदा कोरा. बाटलीतला नमुना पुन्हा घेतला: शिखर तेवढंच. कपाटातला तोच शुद्ध रेणू शेजारी सोडून बघितला: दोन्ही एकाच ठिकाणी. मग मी खुर्चीत बसले.

पुस्तकात एक सुटकेची वाट दिलेली असते. अननस, अक्रोड, केळी असलं काही आदल्या दिवशी खाल्लं असेल तरी हा चोथा वाढतो. ते मला माहीत होतं. मी धावत जाऊन कागद काढला. काल उपास. काही खाल्लं नाही. माझंच अक्षर, माझीच सही. मी कागद परत ठेवून दिला.

त्या दिवशी मॅडमना मी काही सांगितलं नाही. वहीत अठरा नंबरपुढे "पुन्हा तपासणे" असं लिहिलं आणि घरी आले. आज मला माझाच राग येतो. रोज लोकांना सांगायचं, लवकर कळलं तर बरं; आणि स्वतःवर वेळ आली तर दातखीळ बसली. पण खरं सांगते, मॅडमना सांगितलं की ते कायमचं खरं होईल, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. बाटलीवर नाव नव्हतं, नंबर होता. तोवर तो नंबरच राहू दे असं वाटायचं.

मग मला घरात सगळीकडे तो रोग दिसायला लागला. त्या गाठीच्या रुग्णांचा चेहरा मधेच लालबुंद होतो. आबा दुपारी वाडीतून आले की त्यांचा चेहरा लाल. उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा लाल नाही तर काय हिरवा होणार? पण तेव्हा ते सुचत नाही. त्या रुग्णांचं पोट वारंवार बिघडतं. आबा एकदा सकाळी दोनदा परसाकडे गेले, तर मी दाराआड उभी राहून मिनिटं मोजली.

आणि मी गोड झाले. दुसरा शब्द नाही. चहा मी आणून द्यायची, पाणी मी काढायची, आबांनी पायातल्या मातीने ओटी भरवली तरी ब्र काढायची नाही. एका संध्याकाळी ते जोत्यावर बसून कमर चाचपत होते. चंची आत खुंटीला राहिली होती. मी उठले, चंची आणली, चुन्याची डबी उघडून त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, आता उरलेल्या दिवसांत कशाला त्यांचा एवढासा आनंद हिरावून घ्यायचा. आबांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला लागले.

त्याच रविवारी त्यांनी मला वाडीत बोलावलं. एरवी मी वाडीत गेले की माझ्या चपलांवरून बोलणी बसायची. त्या दिवशी त्यांनी मला विहिरीचा पंप दाखवला. पाणी चढेनासं झालं की आधी बादलीभर वरून कसं ओतायचं, शेजाऱ्याबरोबर पाण्याची पाळी कुठल्या दिवशी कुणाची, कुठल्या केळीची पिल्लं ठेवायची आणि कुठली काढून टाकायची. राजेळी केळीच्या चार जुन्या बुंध्यांना हात लावून म्हणाले, "ह्या तुझ्या आजोबांच्या वेळच्या वाणाच्या. ह्या मोडू देऊ नकोस." मी मान डोलवत होते आणि रडू गिळत होते. ते मला का दाखवताहेत, हे विचारायचं सुचलंच नाही.

आई मात्र अस्वस्थ होती. "तुमचं दोघांचं काय बिनसलंय?" तिने विचारलं. "घरात आवाज म्हणून नाही. माझा जेवणावरचा हात चुकतो."

पुढची एकादशी आली. त्या दिवशी मला कामावर जाववेना. पोट दुखतंय म्हणून रजा टाकली आणि ओटीवर मेथी निवडत बसले. खरं म्हणजे आबांवर नजर ठेवून बसले.

सकाळी आबा वाडीतून आले, आणि आल्या आल्या टांगलेल्या घडातली दोन केळी तोडून खाल्ली. अंघोळ, पूजा झाली. आईने वाटीत शिकरण दिलं. मी मेथी निवडते आहे. दहाच्या सुमाराला सुकेळी बघायला ते मागच्या अंगणात गेले. राजेळी केळी पिकवून, सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, ती आमच्याकडची सुकेळी. मधासारखी गोड. वाळली की नाही हे कळायला चाखावं लागतं. आबांनी मांडवाच्या चारही कोपऱ्यांतलं एकेक चाखलं. मग मधलं एक चाखलं. दुपारी आईने केळ्याचा हलवा केला. चारच्या सुमाराला पुन्हा घडाकडे हात गेला. एवढ्यात गिरीजचे एक ओळखीचे काका सायकलवरून आले. आईने चहा-पोहे विचारले, तसे आबा म्हणाले, "ह्यांना दे. मला नको. आज एकादशी. सकाळपासून पोटात काही नाही."

मी मेथीची जुडी हातात धरून तशीच बसून राहिले.

त्यांचं ते बोलणं खोटं नव्हतं. तेच तर आहे. आमच्या घरात केळं हे खाण्यात धरत नाहीत. पोरं शाळेतून आली की जाता-येता तोडतात, गडी काम करता करता खातात, पाहुण्याला केळं दिलं तर "काहीच दिलं नाही" म्हणतात. मी त्याच घरात वाढले. पंधरा दिवसांपूर्वी मीसुद्धा ह्याच अंगणात त्यांना हे सगळं खाताना पाहिलं होतं आणि मलाही ते दिसलं नव्हतं. तालुक्यात जिथे तिथे केळी, आणि मी पुस्तकात "केळी" वाचून कागदावर केळी शोधत होते.

"आई," मी म्हटलं, "आबांनी आज किती केळी खाल्ली?"

"मोजतंय कोण?" आई आतून म्हणाली. "एकादशी, दुप्पट खाशी. लग्नापासून बघते आहे."

मला हसू फुटलं. ते थांबेना. काका बघायला लागले. मग हसता हसता रडू यायला लागलं, तशी मी उठून विहिरीमागे गेले आणि अबोलीच्या वाफ्यात बसून तोंडात पदर कोंबून रडले. पण पूर्ण सुटका अजून झाली नव्हती. केळी हे कारण असू शकत होतं. केळी खाऊनसुद्धा गाठ असू शकत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. दहा दिवस दडवून ठेवलं तेही सांगितलं. त्यांनी आधी मला झाप झाप झापलं. मग त्यांनी अठरा नंबरचा कागद हातात घेतला, "उपास" ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. त्या पुण्याच्या. म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी असते, तिलासुद्धा आम्ही उपासच म्हणतो. मी तरी कुठे विचारलं?" मग गंभीर झाल्या. तीन दिवस केळं बंद, नंतर पूर्ण चोवीस तासांची लघवी. आपलं यंत्र संशोधनाचं, निदानाचं नव्हे. म्हणून निम्मा नमुना रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत.

आबांना मी एवढंच म्हटलं, की मागची बाटली बिघडली, परत द्यावी लागेल आणि तीन दिवस केळ्याला हात लावायचा नाही. मला वाटलं, आता रामायण होणार. आबा म्हणाले, "बरं." केळीच्या वाडीत राहणारा माणूस तीन दिवस केळ्याशिवाय राहिला. सुकेळी आईने चाखली. तिला ते जमेना. दोन मांडवांची सुकेळी कडक झाली.

नवी बाटली यंत्रात जायची होती त्या दिवशी आधी पाणी सोडलं. मग नमुना. रेणू नळीतून बाहेर पडायची ठरलेली वेळ असते, आणि एकशे ब्याण्णवची वेळ यायला काही मिनिटं लागतात. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. पंपाची घरघर चालू होती. वेळ आली. पडद्यावर एक लहानसं टेकाड उठलं आणि खाली बसलं. वेळ गेली. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी टेबलावर डोकं टेकलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रुग्णालयाचा कागद दोन दिवसांनी आला. तोही स्वच्छ.

त्या आठवड्यात आमच्या कागदावर एक नवी ओळ आली: उपास असल्यास, उपासाला काय काय खाल्लं? मॅडमनी ती माझ्याकडूनच लिहून घेतली.

रुग्णालयाचा कागद घेऊन मी घरी आले तेव्हा उजेड होता. आबा जोत्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: शिखर, गाठ, उपास, केळी. वाटलं, आता हसतील, मला वेड्यात काढतील, म्हणतील काट्यावर ठेवणारा खोटं बोलला. त्यांनी तसं म्हटलं असतं तरी माझी ऐकायची तयारी होती.

आबा हसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे नाही ना काही?"

"नाही, आबा. काही नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. असा श्वास, की मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय आहे ते नव्हतं ठाऊक," आबा म्हणाले. "पण काहीतरी आहे, एवढं समजलं होतं. त्या दिवशी तू चंची आणून दिलीस ना, चुन्याची डबी उघडून? तेव्हाच म्हटलं, आपलं काही खरं नाही. पोरीने सोडून दिलं आपल्याला."

 मला पंप आठवला. पाण्याची पाळी आठवली, राजेळीचे चार बुंधे आठवले. मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि तो माणूस दहा दिवस माझ्यापासून लपवत आपली वाडी माझ्या हवाली करत होता.

 आई दारात येऊन उभी राहिली. आबांचा हात सवयीने कमरेकडे गेला, चंचीच्या गाठीवर थांबला आणि त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होते.

"आणा ती इकडे," मी ओरडले. "लाज नाही वाटत? स्वतःचंच सुतक धरून बसला होतात आणि परत तंबाखू! आणा म्हणते ना!"

आबांनी चंची पाठीमागे लपवली. "काट्यावरच्या बाईने काट्याचं बोलावं," ते म्हणाले.

आई आत वळली. "बाई गं, सुरू झाले एकदाचे," ती म्हणाली आणि तिने चुलीवर तवा ठेवला.